सावकाराच्या दारापासून आझाद मैदानापर्यंत

पेशवाईत येणे वसूल करायचे असले की सावकार, किंवा त्याने पाठवलेला माणूस, देणेकऱ्याच्या दारात ठाण मांडून बसे. तो स्वतः उपाशी राही आणि घरातल्यांच्या तोंडातही अन्न जाऊ देत नसे. याला धरणे म्हणत. पगार थकलेले शिलेदार हाच उपाय सरदाराच्या डेऱ्यापुढे करत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राहिलेल्या टी. डी. ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा धरण्यांचे वर्णन करून ठेवले आहे. रयतेचा मार्ग वेगळा होता. वसुली असह्य झाली की कुळे गाव सोडून परागंदा होत, जमिनी पडीक राहत आणि मग सरकारला कौल देऊन, सूट कबूल करून त्यांना परत आणावे लागे. या दोन्ही प्रकारांत प्रतिपक्ष ओळखीचा असे. त्याचे दार कुठे आहे हे ठाऊक असे. इंग्रजी अमलात हे दार दूर गेले. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने दैवी कोपाची भीती घालून केलेली सक्ती गुन्हा ठरवली आणि त्या ५०८व्या कलमाखाली उदाहरण म्हणून दारातल्या धरण्याचेच दिले. तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातील आंदोलनांची रूपे बदलत गेली, ती मुख्यतः एका अडचणीमुळे: गाऱ्हाणे कोणाच्या दारात न्यायचे आणि तिथवर कोण पोचू देणार.

जुनी पद्धत एकदम मेली नाही. डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात एका सावकाराने देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, घरगडी कोणीच त्यांचे काम करेना. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात याचे रूप पालटले. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या आणि घरे फोडून खतपत्रे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसांवर हात क्वचितच उचलला गेला. रोख होता तो कागदावर, कारण नव्या न्यायालयांत सावकाराच्या बाजूने कागदच बोलत होता. जिथे खत मुकाट्याने स्वाधीन झाले, तिथे बहुधा पुढचे काही घडले नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. कागद जाळण्याची ही रीत मात्र टिकली. पुढे पुण्यात १९०५मध्ये विलायती कापडाची, महाडला १९२७मध्ये मनुस्मृतीची आणि अगदी अलीकडे शासन निर्णयांच्या प्रतींची जी होळी झाली, तिचे मूळ शिमग्यात आहे तसेच सुप्यातही आहे.

त्याच दशकात शहरी सुशिक्षितांनी दुसरी वाट काढली. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद लोकांकडून मुखत्यारपत्र घेऊन येत. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवता यावे म्हणून. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात सभेने सारा, दुष्काळ आणि मिठावरचा कर यांवर अर्ज, तक्ते आणि अहवाल यांचा मारा केला. पुढच्या पिढीने या अर्ज-विनंत्यांची थट्टा केली, पण ती थोडी अन्यायाची आहे. १८९६-९७च्या दुष्काळात सभेच्या प्रचारकांनी सरकारचीच दुष्काळ संहिता गावोगाव समजावून सांगितली आणि नियमाप्रमाणे सूट मागा, असे शेतकऱ्यांना सांगितले. सरकार यामुळे इतके अस्वस्थ झाले की १८९७मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. अर्ज हा प्रकारही संपलेला नाही. आज लाखाचा मोर्चा निघाला तरी शेवटी चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती निवेदन देते.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्जाला गर्दीची जोड दिली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. निषेध म्हणून काम थांबवणे याची राजकीय ताकद दिसली ती १९०८मध्ये. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, शिक्षेच्या दर वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. लेनिनने या संपाची दखल घेतली, हे मराठी लेखनात वारंवार येते. त्याहून महत्त्वाचे हे की पगार किंवा तासांशी संबंध नसलेल्या कारणासाठी कामगार रस्त्यावर आला होता.

सत्याग्रहाच्या काळाने आणखी एक बदल आणला. मागणी करण्याऐवजी, जे नाकारले आहे ते सरळ करून टाकायचे किंवा जे चालू आहे त्याच्या आड जाऊन बसायचे. १९२१च्या रामनवमीला मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसण्यास सुरुवात केली. पुढे सेनापती बापट या लढ्याचे प्रमुख नाव झाले. धरण झालेच, गावे बुडाली आणि अनेकांनी तुरुंगवास भोगला. विस्थापितांच्या पुढच्या शंभर वर्षांच्या लढ्यांत, कोयनेपासून नर्मदेच्या काठावरील मणिबेलीपर्यंत, मुळशीची आठवण निघत राहिली.

महाडची गोष्ट अधिक नेमकी आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळेही खुले असल्याचे जाहीर केले होते. म्हणजे कायद्याने हक्क होता, पण पाणी प्यायला कोणी धजत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचा मंडप सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो प्रतिनिधी चारचारच्या रांगांत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम होता. आंबेडकरांनी तो मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित ठेवला आणि दावा लढवला. १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. गांधींच्या सत्याग्रहात कायदा मोडून शिक्षा ओढवून घ्यायची असते. महाडला उलट होते: कायदा आंदोलकांच्या बाजूने आणि समाज विरुद्ध. त्यामुळे महाड, पुण्यातील पर्वतीचा मंदिरप्रवेश आणि १९३०मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांना एकाच ‘सत्याग्रह’ या नावाखाली मिठाच्या सत्याग्रहाशेजारी बसवले, तर त्यांचे वेगळेपण हरवते.

मिठाचा सत्याग्रह महाराष्ट्रात शिरोड्याला आणि वडाळ्याला झाला, पण मीठ किनाऱ्यावरच पिकते आणि पावसाळ्यात तेही थांबते. म्हणून १९३०च्या पावसाळ्यात देशावर आणि कोकणात जंगल सत्याग्रह आला. राखीव रानात शिरून गवत कापणे, लाकूड तोडणे हा गुन्हा गावातल्या कोणालाही करता येण्याजोगा होता आणि जंगल खात्याचा जाच सगळ्यांच्या परिचयाचा होता. सांगलीकडे बिळाशी आणि रायगडात चिरनेर ही नावे त्यातून पुढे आली. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळीबार झाला. सोलापुरात मे १९३०मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि जानेवारी १९३१मध्ये चौघांना फाशी दिली गेली.

विधिमंडळ निवडून येऊ लागल्यावर गाऱ्हाण्याला नवे दार मिळाले. १० जानेवारी १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या हाकेवरून कोकण आणि आसपासच्या जिल्ह्यांतले सुमारे वीस हजार शेतकरी, त्यांतले बरेच बोटींनी, मुंबईत आले आणि खोती रद्द करण्याची मागणी घेऊन काउन्सिल हॉलवर गेले. आंबेडकरांनी आदल्या वर्षी सभागृहात खोतीविरोधी विधेयक मांडलेले होते. शिष्टमंडळ मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेरांना भेटले. आत विधेयक, बाहेर मोर्चा आणि मध्ये शिष्टमंडळ: पुढे महाराष्ट्रात जे हजारो मोर्चे निघाले, त्यांचा साचा इथे पूर्ण झालेला दिसतो.

या साच्याची सर्वांत मोठी कसोटी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेत राज्यपुनर्रचनेची चर्चा चालू असताना कामगारांचे जथे काउन्सिल हॉलकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी त्यांना अडवले आणि गोळीबारात पंधरा जण मरण पावले. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे पंडित नेहरूंनी जाहीर केल्यावर पुन्हा गोळ्या चालल्या. लढ्यातील हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र बसले, आणि रस्त्यावरचा संताप त्यांनी मतपेटीपर्यंत नेला. लोक जमवण्याचे काम शाहिरांनी केले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४पासूनच पोवाडा आणि तमाशा घेऊन चाळींत आणि गावांत फिरत होते. आचार्य अत्र्यांचे दैनिक ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६मध्ये निघाले आणि मैदानातली भाषा दुसऱ्या दिवशी छापून येऊ लागली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्यावर हजारो लोक काळी निशाणे घेऊन शिस्तीने उभे होते. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलींशी तुलना केली, तर समितीने मधल्या काळात काय कमावले ते या शिस्तीत दिसते. याच सुमारास महाराष्ट्रातून गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींच्या तुकड्या जात होत्या. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी मे १९५५मध्ये शिरली आणि १५ ऑगस्टला पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या.

राज्य मिळाल्यावर रस्ता रिकामा होईल, ही अपेक्षा खोटी ठरली. १९६४च्या अखेरीस दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी उभारलेल्या सत्याग्रहात लाखोंनी अटक करून घेतली. १९७२च्या दुष्काळात महागाई आणि टंचाई शिगेला पोचली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. लाटणे मोर्चाची चेष्टा तेव्हाही झाली. पण सभेला जाण्याची सवय नसलेल्या गृहिणीला घरातून उठून जे हातात येईल ते घेऊन निघता आले, ही त्याची खरी करामत होती. पाण्यासाठीचा हंडा मोर्चा तर नगरपालिकांना आजही चुकलेला नाही.

मे १९७२मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने त्या वर्षीचा १५ ऑगस्ट काळा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. पत्रके, कविता आणि सभा यांच्यातली सीमा पँथरने पुसली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. ठराव कागदावर राहिला. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. तो पोलिसांनी वाटेतच अडवला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. चालत जाण्याला महाराष्ट्रात वारीचा आधार आहेच. डिसेंबर १९८०मध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली विरोधकांनी जळगावहून नागपूरला शेतकऱ्यांची पदयात्रा नेली, तिला नावच दिंडी दिले होते.

त्याच वर्षी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मोर्चाचा साचाच बाजूला सारला. जोशींचा हिशेब असा होता की शेतकऱ्याने शहरात जाऊन मंत्र्याच्या दारात उभे राहण्यात वेळ आणि पैसा त्याचाच जातो; शहराला त्याची गरज भासवायची, तर माल आणि वाहतूक अडवली पाहिजे. चाकणला कांद्याच्या भावासाठी आणि नोव्हेंबर १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ता रोको आणि रेल रोको झाले. मुंबई-आग्रा महामार्ग ठप्प झाला, गोळीबार झाला. १९८१मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. पुढाऱ्यांना गावबंदी करण्याचा डावही संघटनेने वापरला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३मध्ये तो पुन्हा दिसला. १९८६मध्ये चांदवडला संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि त्यातूनच पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम आली. आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरात मागणी घेऊन जाणारी शेतकरी चळवळ ही दुर्मीळच.

मुंबईत मात्र आंदोलनाचा पायाच ढासळत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच हळूहळू संपल्या. लालबाग-परळच्या चाळी, खानावळी, व्यायामशाळा आणि युनियनच्या कचेऱ्या यांतून अर्ध्या दिवसात हजारो माणसे उभी राहत. गिरणगाव गेल्यावर मुंबईतल्या मोर्चाची माणसे बाहेरून, गाड्या भरून आणावी लागली. त्यासाठी पैसा लागतो, आणि पैसा पक्षांकडे असतो. साठच्या दशकापासून शिवसेनेने रूढ केलेल्या ‘बंद’चा जोर यामुळेही वाढला. शाखांचे जाळे असले की शहर थांबवायला थोडी माणसे पुरतात.

नंतरच्या काळात न्यायालये या गोष्टीत उतरली. विधानभवन १९८१मध्ये नरिमन पॉइंटला गेले होते आणि मोर्चांनी दक्षिण मुंबईची वाहतूक अडते, अशी रहिवाशांची तक्रार होती. १९९७मध्ये उच्च न्यायालयात गेलेल्या या तक्रारीनंतर आंदोलने आझाद मैदानापुरती बांधली गेली. राणीच्या बागेपासून, म्हणजे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानापासून, आझाद मैदानापर्यंत चालायचे आणि तिथे थांबायचे, हे ठरून गेले. विधिमंडळाचे दार मैदानातून दिसतही नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हे अंतर कमी असते, म्हणून डिसेंबरात तिथे मोर्चांची रांग लागते; पण २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथेच, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले, बहुतेक बायका आणि मुले. बंदच्या बाबतीत ३० जुलै २००३च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले. त्याचा धाक अजून आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर लोकांनी स्वतःहून स्टेशनात उतरून कित्येक तास रेल्वे रोखली; पण विरोधी पक्षांनी पुकारलेला २४ ऑगस्टचा महाराष्ट्र बंद न्यायालयाच्या मनाईनंतर मागे घ्यावा लागला आणि नेते काळ्या फिती लावून गप्प बसले.

मोबाइल फोनने गर्दी जमवण्याचा खर्च पुन्हा खाली आणला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा आणि त्यानंतरचे जिल्ह्याजिल्ह्यांतले मोर्चे हे याचे मोठे उदाहरण. कोपर्डीत मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर निघालेल्या या मोर्चांत घोषणा नव्हत्या, भाषणे पुढाऱ्यांची नव्हती, मुली आणि बायका पुढे चालत, निवेदन मुलीच देत आणि मागून स्वयंसेवक रस्ता झाडत येत. त्या मौनाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणी होती, म्हणून दलित वस्त्यांना ते मौन वेगळे ऐकू आले. २०१८च्या जुलैत मराठा आरक्षणाचे आंदोलन जाळपोळीकडे वळले, तेव्हा मूक मोर्चाची शिस्त कायमची नव्हती हेही कळले. मार्च २०१८मध्ये किसान सभेच्या लाल टोप्या घातलेले हजारो शेतकरी, बहुतांश वनहक्काची जमीन मागणारे आदिवासी, नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आले. दहावीच्या परीक्षार्थींना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून पुरा केला आणि मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला घेऊन त्यांचे स्वागत केले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यानंतर २०१९ आणि २०२३मध्ये तेच शेतकरी पुन्हा निघाले, यावरून त्या कागदाची किंमत समजते. पुण्यात मार्च २०२१मध्ये लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे कळताच काही तासांत विद्यार्थ्यांनी शास्त्री रस्ता भरून टाकला. कोणत्याही संघटनेने हाक दिली नव्हती. फोनची दुसरी बाजू पालघरने नोव्हेंबर २०१२मध्येच पाहिली होती. बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर शंका घेतल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ‘६६-अ’ कलमाच्या वादाला त्यामुळे धार आली, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केले.

२०२५मध्ये जुने-नवे सगळे एकत्र दिसले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याबाबतच्या शासन निर्णयाच्या प्रतींची २९ जूनला आझाद मैदानात होळी झाली आणि त्याच दिवशी, ५ जुलैचा ठरलेला मोर्चा निघण्याआधीच, सरकारने निर्णय मागे घेतला. ऑगस्टच्या अखेरीस मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी त्याच मैदानात उपोषणाला बसले. नव्या नियमांनुसार परवानगी पाच हजार माणसांची आणि ठरावीक वेळेची होती. आले त्याच्या कितीतरी पट, गाड्यांतून शिधा घेऊन, आणि ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटांवर झोपले. उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितले. पाचव्या दिवशी, २ सप्टेंबरला, सरकारने हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय काढला आणि उपोषण सुटले. मान्य झालेल्या मागण्यांत, बहुतेक प्रत्येक मोठ्या आंदोलनाच्या यादीत शेवटी असते ती मागणीही होती: आंदोलकांवर दाखल झालेले गुन्हे मागे घ्यावेत.